पेन्सिल आणलीच नव्हती

न्यू यॉर्कला लेकीकडे गेलेल्या आयांचा कार्यक्रम ठरलेला असतो. स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर, एखादा मॉल आणि उरलेले दिवस नातवंडं. माझंही तेच झालं. परतायला आठवडा राहिला तेव्हा मी लेकीला म्हटलं, "मला इथल्या वेड्यांच्या इस्पितळात जायचंय." तिने लॅपटॉपवरून मान वर केली. "आई, रविवारी विमान आहे तुझं. तोवर जरा दम धर."

मॅनहॅटनमध्ये सेकंड अ‍ॅव्हेन्यू आणि ५९वा रस्ता मिळतो तिथून लाल रंगाचा एक मोठा पाळणा निघतो. तारेवरून ईस्ट रिव्हर ओलांडायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. पलीकडे रूझवेल्ट आयलंड. जेमतेम तीन किलोमीटर लांबीची ही पट्टी इतकी अरुंद आहे की एका काठावरून दुसरा काठ दिसतो. आज तिथे नोकरदार मंडळींच्या इमारती आहेत, बाबागाड्या आहेत, कुत्री फिरवणारे निवृत्त लोक आहेत. एकोणिसाव्या शतकात हिचं नाव ब्लॅकवेल्स आयलंड होतं. शहराला डोळ्यांसमोर नको असलेली माणसं इथे आणून ठेवत. तुरुंग, गरीब-निराधारांचं घर, साथीच्या रोगांची इस्पितळं, आणि उत्तरेच्या बाजूला वेड्या बायकांचं इस्पितळ. त्या इस्पितळाचा अष्टकोनी दगडी मनोरा अजून उभा आहे. मनोऱ्याला जोडून महागडे फ्लॅट झालेत. मी दाराशी गेले तेव्हा एक जण कुरिअरच्या पार्सलवर सही करत होता.

या दारातून २३ वर्षांची एक मुलगी १८८७च्या सप्टेंबरात आत नेली गेली. ती ठार वेडी असल्याचं न्यायाधीशांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवलं होतं. पोलिसांचंही तेच मत होतं. ती होती 'वर्ल्ड' या दैनिकाची बातमीदार, नेली ब्लाय.

नेली ब्लायचं नाव मी पहिल्यांदा पुण्यात, पत्रकारितेच्या वर्गात ऐकलं. सरांनी एका वाक्यात संपवलं होतं: वेड्याचं सोंग घेणारी आणि ७२ दिवसांत जगाला फेरी मारणारी बाई. पुढे मी एका दैनिकात लागले. शहर बातमीदारी मागायला गेले, तर संपादकांनी अतिशय प्रेमाने माझ्या हातात उन्हाळी वाळवणांच्या पानाचा मजकूर ठेवला. ते प्रेम अजून आठवतं. कुरडयांचा चीक कितपत आंबवावा, यावर चार वर्षं मी अधिकारवाणीने लिहिलं. त्या काळात ही नेली ब्लाय डोक्यात परत आली, आणि मग गेलीच नाही.

तिच्यावर लिहिणारे बहुतेक जण वेड्यांच्या इस्पितळापासून सुरुवात करतात, कारण गोष्ट तिथे रंगते. पण ती तिथवर कशी पोचली हे कळायला नऊ वर्षं मागे, पेनसिल्व्हेनियातल्या एका कोर्टात जावं लागतं.

तिचं खरं नाव एलिझाबेथ जेन कॉक्रन. जन्म ५ मे १८६४चा, पिट्सबर्गच्या ईशान्येला असलेल्या कॉक्रन्स मिल्स नावाच्या खेड्यातला. गावाला नावच तिच्या बापाचं. मायकेल कॉक्रन हा गिरणीमालक, जमीनदार आणि स्थानिक न्यायाधीश. पहिल्या बायकोची दहा मुलं, ती गेल्यावर केलेल्या दुसऱ्या बायकोची पाच. एलिझाबेथ दुसरीची. इतर मुली तपकिरी-करड्या कपड्यांत असताना आई हिला गुलाबी फ्रॉक घालायची, म्हणून घरातलं नाव 'पिंक'. पोरगी चारचौघींत उठून दिसली पाहिजे, हा आईचा हट्ट लेकीने जन्मभर पाळला.

ती सहा वर्षांची असताना, १८७०मध्ये बाप गेला, आणि गावाचा न्यायनिवाडा करणाऱ्या या माणसाने मृत्युपत्र केलेलंच नव्हतं. मालमत्तेचा लिलाव झाला, पंधरा मुलांत वाटण्या झाल्या, आणि मोठं घर सोडून आई लहान्यांना घेऊन बाहेर पडली. एकट्या बाईचं निभणार कसं म्हणून तिने पुन्हा लग्न केलं. नवरा जॉन जॅक्सन फोर्ड. दारुडा, आणि हात उचलणारा. काही वर्षं सोसल्यावर तिने घटस्फोटाचा अर्ज केला. त्या काळी ही गोष्ट बोभाटा होण्याजोगीच होती. साक्षीदारांत १४ वर्षांची पिंक होती. लग्न झाल्यापासून हा माणूस बहुतेक वेळ प्यालेलाच असतो. प्याल्यावर चिडतो, आणि न पिताही चिडतोच, अशी साक्ष तिने दिली. पाहिलं ते सांगितलं, विशेषण एकही नाही. डेस्कवर बसून मी हजारो बातम्या कापल्या आहेत. या साक्षीतला एक शब्द मला कापता येणार नाही.

१८७९मध्ये घटस्फोट मंजूर झाला. एका मुलीने शपथ घेऊन सांगितलं, आणि कोर्टाने ते खरं मानलं. माझ्या मते तिची पत्रकारिता इथे सुरू होते.

त्याच वर्षी ती शिक्षिका व्हायला 'इंडियाना' नावाच्या गावातल्या नॉर्मल स्कूलमध्ये दाखल झाली. हे गाव पेनसिल्व्हेनियातच आहे, त्या नावाच्या राज्यात नाही. अमेरिकेतल्या गावांच्या नावांनी माणसाला चकवा लागतो. आडनावाच्या शेवटी तिने इथे स्वतःच एक जास्तीचं अक्षर चिकटवलं, जरा भारदस्त दिसावं म्हणून. तिच्या वाट्याचे पैसे एका पालकाच्या, म्हणजे बँकवाल्याच्या ताब्यात होते. एक सत्र झालं आणि पैसे संपल्याचा निरोप आला. शिक्षण तिथेच थांबलं. १८८०च्या सुमारास मायलेकी पिट्सबर्गला आल्या. आईने घरात भाडेकरू ठेवले. भावांना कारकुनीच्या नोकऱ्या लागल्या. पिंकला मिळतील ती किरकोळ कामं.

पिट्सबर्ग म्हणजे तेव्हा पोलाद आणि धूर.

'पिट्सबर्ग डिस्पॅच'मध्ये इरॅस्मस विल्सन नावाचा लोकप्रिय सदरलेखक होता. १८८५च्या जानेवारीत त्याने मुली कोणत्या कामाच्या, या विषयावर सदर लिहिलं. उत्तर सोपं होतं: घर हेच बाईचं राज्य, आणि घराबाहेर काम करणारी बाई म्हणजे विपरीत प्रकार. पाच उपवर मुलींचं काय करावं, असं विचारणाऱ्या एका चिंताग्रस्त बापाचं पत्रही त्याच वादात होतं. पिंक तेव्हा २० वर्षांची. नोकरी न मिळणारी, बाप नसलेली, आईच्या भाडेकरूंची उष्टी काढणारी. तिने संपादकांना पत्र लिहिलं आणि खाली 'एकाकी अनाथ मुलगी' अशी सही ठोकली. आई शेजारच्या खोलीत धडधाकट होती, पण ते असो.

पत्र व्याकरणात डगमगत होतं. विरामचिन्हांचा पत्ता नव्हता. तरी संपादक जॉर्ज मॅडन याला त्यात काहीतरी दिसलं, आणि नावगाव कळवावं अशी सूचना त्याने १७ जानेवारीच्या अंकात छापली. ती पत्र लिहीत बसली नाही. जिने चढून, धापा टाकत स्वतःच कचेरीत हजर झाली.

ही तारीख वाचली की मराठी माणसाचं मन आपोआप इकडे वळतं. त्याच १८८५च्या जूनमध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर एक पत्र छापून आलं. सही होती 'एक हिंदू स्त्री' अशा अर्थाची, आणि लिहिणारी होती रखमाबाई. तिच्याही तीन वर्षं आधी, वर्तमानपत्रांत बायकांवर जी चिखलफेक चालली होती ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून काढली. या तिघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण तिघींनीही आधी पेपर वाचला, मग संतापून लेखणी उचलली. रखमाबाईंच्या पत्रामागे एक चालू खटला होता, पिंकच्या पत्रामागे एक संपलेला.

मॅडनने तिच्याकडून मुलींच्या प्रश्नावरच लेख लिहून घेतला. तो २५ जानेवारीला छापला. मथळा 'द गर्ल पझल'. गरिबाच्या हुशार मुलीला कामं द्या, पोराला जसं खालून वर चढू देता तसं तिलाही चढू द्या, असं त्यात म्हटलं होतं. दुसरा लेख घटस्फोटाच्या कायद्यावर. विशीतल्या अविवाहित मुलीला यातलं काय कळतं, असं वाचकांना वाटलं असणार. तिला किती कळत होतं, ते आईला माहीत होतं.

आठवड्याला पाच डॉलरवर नोकरी पक्की झाली. बाईने खऱ्या नावाने लिहायची रीत नव्हती, म्हणून टोपणनाव हवं होतं. पिट्सबर्गच्याच स्टीफन फॉस्टरचं 'नेली ब्लाय' हे गाणं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं. कचेरीत ते नाव उचललं गेलं, आणि घाईत पहिल्या नावाचं स्पेलिंग चुकलं. चुकीचंच छापलं, तेच कायम झालं. प्रूफं तपासणाऱ्या सर्व बंधुभगिनींनी याची नोंद घ्यावी.

सुरुवातीचे महिने बरे गेले. पिट्सबर्गच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींवर तिने लेखमाला लिहिली. मग हळूहळू तिच्याकडे फुलांची प्रदर्शनं यायला लागली, फॅशन, गायनाचे जलसे, रबरी रेनकोट. वाळवणांचं पान देश-काळ बघत नाही. १८८६च्या सुरुवातीला ती या पानावरून उठली, आईला सोबत घेतलं आणि मेक्सिकोला गेली. स्पॅनिश येत नव्हतं. तिथून ती लोकांचं खाणंपिणं, बैलांच्या झुंजी, मोलमजुरी असं सगळं लिहून पाठवायची. पोर्फिरिओ दियाझच्या सरकारवर टीका केल्याबद्दल एका संपादकाला तुरुंगात टाकल्याचं तिने लिहिलं, आणि तिलाच अटकेच्या धमक्या आल्या. मग ती निघाली. सरकारबद्दलचं बरंचसं कडक तिने सीमा ओलांडल्यावर छापलं. याला काही जण भित्रेपणा म्हणतील. मी शहाणपणा म्हणते; आत अडकलेला बातमीदार बातमी देत नाही, स्वतःच बातमी होतो.

परत आल्यावर पुन्हा नाटकं आणि कलाप्रदर्शनं. १८८७च्या वसंतात एक दिवस ती कामावर आलीच नाही. विल्सनसाठी एक चिठ्ठी ठेवली होती: न्यू यॉर्कला चालले, लक्ष असू द्या. ज्याच्यावर चिडून तिने पहिलं पत्र लिहिलं, त्याच्याच नावाने जातानाची चिठ्ठी. दोघांची एव्हाना पक्की मैत्री झाली होती.

न्यू यॉर्कच्या पार्क रोवर तेव्हा वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या ओळीने होत्या. चार महिने तिला कोणी दारात उभं केलं नाही. मग तिने एक युक्ती काढली. 'डिस्पॅच'साठी लेख करायचाय असं सांगून तिने न्यू यॉर्कच्या बड्या संपादकांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न एकच: बाईला पत्रकारितेत जागा आहे का? सगळ्यांनी सभ्यपणे नाही म्हटलं. बाया अचूक नसतात, त्यांना कुठेही पाठवता येत नाही, वगैरे. तिने ते जसंच्या तसं छापलं. दार उघडलं नाही, पण आत कोण कोण बसलंय ते बघून झालं.

सप्टेंबरात पैशाचं पाकीट हरवलं. घरमालकिणीकडून गाडीभाडं उसनं घेतलं आणि ती जोसेफ पुलित्झरच्या 'वर्ल्ड'मध्ये गेली. दारावरच्या माणसांशी हुज्जत घालत घालत संपादक जॉन कॉकरिलच्या टेबलापर्यंत पोचली. तिची स्वतःची कल्पना वेगळी होती: युरोपात जायचं आणि स्थलांतरितांच्या बोटीतून, सगळ्यांत खालच्या दर्जाने परत यायचं. कॉकरिलने तिला त्याऐवजी ब्लॅकवेल्स आयलंड दिलं. तिथल्या इस्पितळाबद्दल कुजबुज बरीच होती. आत जा, बघ आणि लिही. बाहेर कसं काढणार, असं तिने विचारलं. ते त्यालाही नीट ठाऊक नव्हतं, काढू, म्हणाला.

आरशासमोर उभं राहून तिने डोळे विस्फारायचा सराव केला. भुताखेतांच्या गोष्टी वाचून रात्र जागवली. जुने कपडे घातले आणि सेकंड अ‍ॅव्हेन्यूवरच्या, कामकरी बायकांसाठीच्या एका स्वस्त वसतिगृहात 'नेली ब्राउन' नावाने उतरली. तिथे भिंतीकडे बघत बसली. या सगळ्या बायका मला वेड्या वाटतात, असं पुटपुटली. रात्रभर पापणी मिटली नाही. सकाळी पोलीस आले. कोर्टात न्यायाधीश डफी यांना तिची कणव आली. ही कुणाच्या तरी घरची लाडकी लेक असणार, असं त्यांना वाटलं. तिच्या माणसांचा शोध लागावा म्हणून बातमीदारांना बोलवावं, असंही ठरलं. साऱ्या नाटकात तिची बोबडी वळली ती इथे. डॉक्टर फसतील, पण पार्क रोवरचा कोणी चेहरा ओळखला तर? कोणी ओळखला नाही. 'सन'ने आणि 'न्यू यॉर्क टाइम्स'ने या गूढ, सुंदर, वेड्या मुलीवर बातम्या छापल्या. बेलव्ह्यू इस्पितळात डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांत उजेड टाकला आणि केस हाताबाहेरची ठरवली. तपासताना एका डॉक्टरचं अर्धं लक्ष नर्सशी गप्पा मारण्यात होतं, हे तिने टिपून ठेवलं.

बेटावर पाऊल टाकताच तिने सोंग सोडलं. हा तिच्या कामगिरीतला सगळ्यांत धारदार भाग, आणि पुष्कळ जण तो सांगायचा विसरतात. आत गेल्यावर ती अगदी नेहमीसारखी बोलत-वागत होती. जितकं शहाणपणाने बोलली, तितकी जास्त वेडी ठरली.

तिने येताना एक वही आणि एक पेन्सिल आणली होती. दोन्ही काढून घेतलेल्या. तिने परत मागितल्या. डॉक्टरने चौकशी केली आणि सांगितलं, तू वही आणली होतीस, पेन्सिल आणलीच नव्हती. आणली होती, असं तिने ठासून सांगितलं. त्यावर डोक्यातल्या या कल्पनांशी झगडायला शीक, असा सल्ला मिळाला. मारहाण, उपासमार हे सगळं पुढे येतंच. पण मला या पेन्सिलीने जास्त घाबरवलं. हाताने पिशवीत टाकलेली वस्तू, ती होती असं म्हणणं हेच आजाराचं लक्षण.

पहिल्या रात्री अंघोळ. थंडगार खोली, थंडगार पाणी, सगळ्यांना एकच टब. एक रुग्ण बाई फडक्याने खसखसून अंग घासतेय, तोंडाने पुटपुटतेय, आणि मग डोक्यावरून बर्फासारख्या पाण्याच्या बादल्या, एकामागून एक, श्वास घ्यायला उसंत नाही. ओल्या अंगावर फ्लॅनेलचा आखूड सदरा चढवला. सदऱ्यावर काळ्या अक्षरांत इस्पितळाचं नाव, बेटाची आद्याक्षरं आणि वॉर्डाचा क्रमांक. ओल्या केसांनी पलंगावर. दाराला बाहेरून कुलूप. पडल्या पडल्या ती कुलपांचाच विचार करत होती: प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप, आग लागली तर एक एक उघडणार कोण? पुढे तिने हा प्रश्न अधिकाऱ्यांना विचारला, आणि एका दांड्याने सगळी दारं उघडतील अशी सोय करता येते, हेही सांगितलं.

सकाळी कुबट लोण्याचा पाव. एकदा त्यात कोळी सापडला. मटणाला मीठ नाही. पलीकडे नर्सांच्या टेबलावर द्राक्षं आणि खरबुजं. मग दिवसभर लाकडी बाकावर ताठ बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, वाचायला काही नाही. धडधाकट बाईला असं पहाटेपासून रात्रीपर्यंत बसवा, दोन महिन्यांत तिला वेड लागेल, असा तिचा निष्कर्ष. अंगणात फिरायला नेलं तेव्हा तिला एक रांग दिसली: कमरेला कातडी पट्टे, पट्टे एका लांब दोरखंडाला बांधलेले, आणि त्या दोरीला धरून चाललेल्या पन्नासावर बाया.

त्यांतल्या सगळ्या वेड्या नव्हत्या. लुईस नावाच्या एका जर्मन बाईला इंग्रजी येत नव्हतं, आणि तिला काय म्हणायचंय हे विचारायला कोणी दुभाष्या आणला नव्हता. तेवढ्यावर ती आत. टिली नावाची आजारातून उठलेली मुलगी, विश्रांतीच्या घरी नेतोय असं समजून आलेली. खुन्याला वकील मिळतो, साक्षीपुरावे होतात. या बायकांना काहीच नाही, ही नेलीची तक्रार होती. कोर्टाच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या मुलीलाच हे सुचणार.

दहा दिवसांनी 'वर्ल्ड'चा वकील आला आणि तिला सोडवून घेऊन गेला. ९ आणि १६ ऑक्टोबरला दोन लेख छापून आले. न्यू यॉर्कभर त्याचीच चर्चा. लगेच ग्रँड ज्युरीने तिला बोलावलं. तिने शपथ घेतली, सगळं सांगितलं, आणि मग ज्युरींना घेऊन पुन्हा बेटावर गेली. बातमी आधीच फुटलेली. स्वयंपाकघर लखलखीत. पाव पांढराशुभ्र. आणि दाराशी, येणाऱ्याच्या नजरेत भरतील अशी, मिठाची दोन पिंपं. आपल्याकडे मंत्री यायच्या आदल्या रात्री रस्त्याला डांबर पडतं, तसलाच प्रकार. तिने नावं दिलेल्या बऱ्याच बायका जागेवरून हलवलेल्या होत्या. तरी अ‍ॅन नेव्हिल नावाची एक बाई सापडली, आणि तिने नेलीच्या सांगण्याला दुजोरा दिला. ज्युरींनी नेलीवर विश्वास ठेवला.

तिच्या लेखांमुळे शहराने वेड्यांच्या देखभालीसाठी दहा लाख डॉलर वाढवून दिले, असं तिच्या पुस्तकात आहे आणि तेच सगळीकडे छापलं जातं. खरं तर तरतूद वाढवायची चर्चा आधीच सुरू होती. तिच्या लेखांनी त्या चर्चेला जोराचा धक्का दिला. धक्काही कमी नसतो. पण बातमीदाराचं श्रेय मोजताना आकडा जरा हात राखून लिहावा.

त्याच ऑक्टोबरात पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी फिलाडेल्फियात छापून आलं, म्हणजे नेलीच्याच पेनसिल्व्हेनियात. गावोगाव भाषणं देऊन त्या पुण्या-मुंबईच्या विधवांसाठी पैसे जमवत होत्या. आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन परतल्या, आणि त्या वर्षीच्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. रमाबाईंनी नेलीचे लेख वाचले का, मला सांगता येत नाही. वाचले असते तर त्या दोरखंडापाशी थांबल्या असत्या, एवढं खात्रीने म्हणते.

पुढची दोन वर्षं नेली ब्लायने काय काय केलं याची नुसती यादीही दमवते. मोलकरीण म्हणून नोकरी शोधली, खोक्यांच्या कारखान्यात मजुरी केली, तान्ही मुलं विकणाऱ्यांकडे गिऱ्हाईक होऊन गेली. १८८८मध्ये ती राज्याची राजधानी असलेल्या ऑल्बनीला एडवर्ड फेल्प्स या दलालाकडे गेली. औषधवाल्याची बायको आहे आणि एक विधेयक पडायला हवंय, असं तिने सांगितलं. त्याने आमदारांची यादीच काढली आणि कोणता विकत मिळतो त्यावर खुणा करून दिल्या. छापून आल्यावर विधानसभेच्या समितीपुढे तिची साक्ष झाली. घटस्फोटाचं कोर्ट, ग्रँड ज्युरी आणि आता ही समिती. दहा वर्षांत तीन वेळा शपथ.

जगप्रदक्षिणेची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कल्पना तिचीच. वर्षभर आधी सुचवली तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, हे पुरुषाचं काम. बाईला सोबत लागते, डझनभर पेट्या लागतात. ठीक आहे, पुरुष पाठवा, मी त्याच दिवशी दुसऱ्या पेपरातर्फे निघून त्याला हरवते, असं तिने सुनावलं. १४ नोव्हेंबर १८८९ला ती निघाली. अंगावर एक जाडसर ड्रेस, हातात एक पिशवी. पिशवीत बसतच नव्हती ती कोल्डक्रीमची बरणी. तिने ती कोंबून बसवलीच. वाटेत फ्रान्समध्ये आम्याँला कादंबरीकार ज्यूल व्हर्नची भेट. माझ्या नायकासारखी तुम्ही मुंबईला का जात नाही, असं त्याने विचारलं. त्याच्या जगप्रदक्षिणेच्या कादंबरीतल्या फिलियस फॉगने मुंबईहून रेल्वेने जाताना एका तरुण विधवेला चितेवरून वाचवलं होतं. विधवा वाचवण्यापेक्षा वेळ वाचवण्याची मला जास्त गरज आहे, अशा अर्थाचं नेलीचं उत्तर. विनोद म्हणून ठीक. त्याच वर्षी मुंबईत रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन उघडलं होतं, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

मुंबई हुकली. कोलंबोत मात्र एका रखडलेल्या बोटीची वाट बघत तिचे पाच दिवस गेले. परत पोचली २५ जानेवारी १८९०ला, ७२ दिवस ६ तास ११ मिनिटं १४ सेकंदांनी. 'कॉस्मोपॉलिटन' मासिकाने उलट दिशेने पाठवलेली एलिझाबेथ बिस्लँड चार-पाच दिवसांनी पोचली. ती लिहायची नेलीपेक्षा सुंदर, पण पहिली आली नाही. फेरीवरचं नेलीचं पुस्तक मी दोनदा वाचलं. चिनी लोकांबद्दल त्यात जे आहे ते वाचवत नाही. दोरखंडाला बांधलेल्या बायकांपाशी थांबून नाव विचारणारी ही बातमीदार कँटनमध्ये पालखीतून उतरलीच नाही, असं वाटतं. घाईत निघालेल्या माणसाला फक्त गर्दी दिसते.

नेली पोचण्याआधी वाचकांनी तिच्या वेळेचे अंदाज पाठवले होते, नऊ लाखांच्या वर. 'वर्ल्ड'चा खप चढला. तिच्या नावाने टोप्या निघाल्या, सोंगट्यांचा खेळ निघाला. पेपरकडून तिला वाढीव पै मिळाली नाही. तिने राजीनामा दिला. वय २५.

पुढे ती तीन वर्षांनी 'वर्ल्ड'मध्ये परतली. तुरुंगातल्या अराजकतावादी एमा गोल्डमनची मुलाखत घेतली, १८९४च्या पुलमन रेल्वे संपात कामगारांच्या बाजूने लिहिलं. १८९५मध्ये चाळीसएक वर्षांनी मोठ्या एका कारखानदाराशी लग्न केलं, त्याच्या मागे कारखाना चालवला आणि घालवला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या आघाडीवरून बातम्या पाठवल्या. दरम्यान गावोगावच्या संपादकांनी तिच्यासारख्या मुली नेमायचा सपाटा लावला होता. त्यांना वेष बदलायला, चक्कर येऊन पडायला, पाण्यात उडी मारायला पाठवायचे. धाडसाची चटक वाचकाला लागली, की आतला माणूस पानावरून गळतो. या नकलांचा दोष मी नेलीला देत नाही, पण ती फॅशन तिच्यापासून निघाली हे खरंच.

बेटाच्या उत्तर टोकाला, दीपगृहाजवळ, २०२१च्या डिसेंबरात तिचं स्मारक झालं. नाव तिच्या पहिल्या लेखाचंच. माणसापेक्षा उंच असे बायकांचे ब्राँझचे चेहरे ओळीने उभे आहेत, फक्त चेहरेच. शेजारी आरशासारखे लखलखते गोळे. नेलीचा चेहरा तेवढा चंदेरी. मी गेले तेव्हा एक लहान मुलगा गोळ्यात बघून जीभ काढत होता. लेकीने माझा फोटो काढला. त्यात नेली ब्लाय अर्धी कापली गेली आहे.

२७ जानेवारी १९२२ला न्यूमोनियाने ती गेली. ब्राँक्सच्या वुडलॉन दफनभूमीत तिला पुरलं, आणि पुढची ५६ वर्षं तिथे नाव नव्हतं. १९७८मध्ये न्यू यॉर्क प्रेस क्लबने दगड बसवला. तिची तरुणपणापासूनची एक खोड होती: वय विचारलं की ती तीन वर्षं कमी करून, जन्म १८६७चा सांगायची. दगडावर १८६४ आहे.